बाकी : निजामी मुलखांतील अरब आणि रोहिले

सुडाची कथा रंगभूमीला नेहमींच मानवलेली आहे. बाप मारला जातो, मुलगा वाढतो, मारेकऱ्याच्या पंगतीला बसून त्याचें अन्न खातो आणि एके दिवशीं हत्यार उपसतो, एवढ्या भांडवलावर जगांतील कितीतरी नाटकें उभीं राहिलीं आहेत. अमेरिकेंत २००२ सालीं निघालेला मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क' हा चित्रपट याच घराण्यांतला. न्यूयॉर्क शहराच्या फाइव्ह पॉइंट्स नांवाच्या दरिद्री वस्तींत आयर्लंडहून आलेले लोक उतरतात. आधीं येऊन बसलेले त्यांना परके म्हणून ठोकून काढतात. १८४६ सालीं एका आयरिश म्होरक्याचा खून होतो आणि सोळा वर्षांनीं त्याचा मुलगा सूड घेण्यास येतो. चित्रपटांतील खलनायक ज्याच्यावरून घेतला, तो विल्यम पूल नांवाचा खाटीक प्रत्यक्षांत १८५५ सालींच मेला. पण नाटकाची सोय पाहून त्याला १८६३ च्या दंग्यापर्यंत जिवंत ठेवण्यांत आलें. कलावंताला एवढी मुभा असावी, याबद्दल वाद नाहीं.

याच वर्षांत आपल्या दख्खनेंतही समुद्रापलीकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्या होत्या, त्यांचे म्होरके होते, आपसांतलीं वैरें होतीं, आणि एका पिढीचें वैर दुसरी पिढी चालवीत होती. तेथील रंगभूमि एका शहराच्या चार गल्ल्यांची; येथील रंगभूमि निजामाच्या राज्याएवढी. धाराशिवाच्या पूर्वेच्या अंगाला असलेलें बेंबळी हें गांव त्या रंगभूमीचा एक लहानसा कोपरा होय. लढायांनीं गाजलेलें हें गांव नव्हे. वरच्या बाजूला तेर, एका अंगाला तुळजापूर, खालीं नळदुर्गाचा किल्ला, आणि मध्यें ज्वारीचें काळें रान. परंतु टोळ्यांचा इतिहास किल्ल्यांवरून वाचला तर तो अर्धाच कळतो. उरलेला अर्धा अशाच एखाद्या गांवच्या चावडींत बसून वाचावा लागतो.

हे अरब आले कोठून? अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावर, येमेनच्या पूर्व भागांत, हद्रामौत नांवाचा प्रदेश आहे. उंच, उघड्या पठारामधून एक लांबलचक खोरें गेलेलें, त्यांत खजुरीचीं बनें आणि मातीचीं उंच उंच घरें; पाऊस आला तर आला. तेथील तरुणाला पोट भरण्यासाठीं देश सोडावा लागे. कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला, कोणी जावा बेटांत व्यापाराला लागला, आणि ज्याच्या हातांत बंदूक होती तो हिंदुस्थानांत आला. येथें मराठी दरबारांत त्याला मोठा भाव होता. उघड्या मैदानापेक्षां तटाच्या आडून लढणारा, घेतलेली जागा न सोडणारा आणि मीठ खाल्लेल्या धन्याशीं सहसा बेइमान न होणारा शिपाई, अशी त्याची ख्याति होती. मात्र या इमानाला एक अट जोडलेली असे, ती म्हणजे पगार चुकतां कामा नये.

मराठेशाहीच्या अखेरच्या वर्षांत हे लोक जागोजाग दिसतात. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या बाजूनें ते लढले, आणि आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही त्यांनीं नागपूर शहर सोडलें नाहीं. अटी ठरवून डिसेंबरच्या अखेरीस ते बाहेर पडले. १८१८ च्या १ जानेवारीला कोरेगांवांत पेशव्यांच्या बाजूनें शिरलेले हेच. त्याच वर्षीं जूनमध्यें बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हां इंग्रजांपेक्षां त्याला जास्त भीति वाटली ती स्वतःच्या अरबांची. कारण तुंबलेल्या पगारासाठीं त्यांनीं त्याच्याच डेऱ्याला गराडा घातला, आणि शरण गेलेल्या पेशव्याची त्यांतून सुटका करण्यासाठीं माल्कमला मध्यें पडावें लागलें. पेशवाईचा शेवटचा प्रवेश असा पगाराच्या बाकीवर येऊन थांबला, ही गोष्ट आपल्या नाटककारांनीं फारशी उचललेली दिसत नाहीं.

मालेगांवची हकीगत तर खास सांगण्यासारखी आहे. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तेथील किल्ल्याला वेढा घातला. आंत अरब होते. पहिला हल्ला फसला, इंग्रजांकडील दोनशेंहून अधिक माणसें या वेढ्यांत मेलीं अगर जखमी झालीं, आणि अखेर तोफांच्या माऱ्यानें किल्ल्यांतलें दारूचें कोठार उडालें तेव्हां जून महिन्यांत आंतील लोक खालीं उतरले. उतरण्यापूर्वीं त्यांच्या म्होरक्यानें, आम्हांस नीट वागवूं असा लेखी कागद मागितला. इंग्रज सेनापतीच्या मुनशीनें तो कागद मराठींत लिहिला. पण लिहितांना त्याची लेखणी धन्याच्या मनापेक्षां पुढें गेली. शब्दांचा अर्थ असा निघूं लागला कीं, या लोकांच्या पगाराची व्यवस्था लावूं आणि त्यांना वाटेल तेथें जाऊं देऊं. एल्फिन्स्टनच्या मनांत या अरबांना विनाअट शरण घ्यावयाचें होतें. तरीही लिहिलेला शब्द आपल्याला बांधतो असें ठरवून त्यानें अरबांना त्या कागदाचा पुरा फायदा दिला. एका मराठी वाक्यानें एवढ्या माणसांचें भवितव्य बदलल्याचीं उदाहरणें थोडीं.

१८१९ च्या जानेवारींत हटकर नाईक नौसाजी याच्या नोवा येथील गढीचा शेवट याच्या उलट झाला. निजामाच्या पलटणींनीं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखालीं, ती गढी हल्ला करून घेतली. आंत पांचशेंच्या वर अरब होते. त्यांतील चारशेंहून अधिक कापले गेले.

पुण्याचें, नागपूरचें दार बंद झालें, तेव्हां या लोकांना एकच मोठें दार उघडें उरलें, तें हैदराबादेचें. तेथें चंदुलालाचा कारभार चालू होता. चंदुलाल हा उदार, कविमनाचा आणि हिशेबाच्या बाबतींत अत्यंत धोकादायक मनुष्य. खर्च उत्पन्नाच्या पुढें धांवत असे, आणि मधली खिंड कर्जानें बुजविली जात असे. पामर कंपनी नांवाच्या पेढीनें भरमसाट व्याजानें त्या सरकारला कर्ज दिलें. पुढें पेस्तनजी या पारशी सावकाराच्या घराण्यानें वऱ्हाडच्या वसुलावर लाखों रुपये दिले. त्यांच्या नांवाचा 'पेस्तनशाही' रुपया औरंगाबादच्या टांकसाळींतून निघत असे, आणि तरीही सरकारनें त्यांचे मुलूख जोरानें काढून घेतले तेव्हां ती पेढी बुडालीच. पैसे देऊन हात चोळीत बसणाऱ्या सावकाराची ही गति. मग ज्याच्या हातांत बंदूक होती तो सावकार हात कशाला चोळील? अरब जमादार हा असा सावकार होता.

त्याचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय पुढचें नाटक कळणार नाहीं. शिबंदीचा रोजमुरा महिनेच्या महिने तुंबे. मग दिवाण जमादाराच्या हातीं रोकड न देतां एखाद्या तालुक्यावरचा तनखा लिहून देई : अमुक तालुक्याचा वसूल तुम्हींच घ्यावा आणि आपल्या माणसांचा पगार त्यांतून वळता करावा. जमादारानें आपल्या पदरचें द्रव्य सरकारला कर्ज दिलें असेल, तर तेंही व्याजासह त्याच वसुलांतून फेडून घ्यावयाचें. कांहीं ठिकाणीं तालुका इजाऱ्यानें घेणारा कोणी तिसराच असे. तोही वसुलासाठीं अरब अगर रोहिले बाळगी. पुढच्या वर्षीं तालुका आपल्याकडे राहील याची कोणालाच खात्री नसे, त्यामुळें यंदाच जितकें पिळतां येईल तितकें पिळावें, हें त्या पद्धतीचें व्याकरणच होतें.

आतां बेंबळीसारख्या गांवाचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. सुगी संपते न संपते तोंच चावडीपुढें घोडे येऊन उभे राहतात. पाटील आणि कुलकर्णी दप्तर घेऊन हजर होतात. आलेल्या माणसांना दप्तराशीं कांहीं कर्तव्य नसतें. त्यांना आंकडा पाहिजे असतो. आंकडा पुरा झाला नाहीं तर बाकीदाराच्या दारांत मोहसल बसतो, आणि त्या मोहसलाचा दाणापाण्याचा खर्च बाकीदारानेंच सोसावयाचा असतो. म्हणजे दारांतला माणूस जितके दिवस बसेल तितकी बाकी वाढत जाते. पाटील सावकाराकडे धांवतो. सावकार पैसे देतो. पुढें सावकाराचे पैसे तुंबतात, तेव्हां तो काय करतो? तो त्याच जमादाराचीं माणसें भाड्यानें घेतो. एकाच ओसरीवर तेच दोन अरब बसलेले, गेल्या वर्षीं सरकारच्या नांवानें, यंदा सावकाराच्या नांवानें. बाहेरून आलेला मनुष्य या चित्रांत ठळक दिसतो हें खरें, कारण त्याच्या कमरेला जंबिया आहे आणि त्याची भाषा वेगळी आहे. परंतु त्याला ओसरीवर आणून बसविणाऱ्यांचीं नांवें मराठी, कानडी, फारसी, पारशी आणि लवकरच इंग्रजीही होतीं.

रोहिल्यांची जात निराळी. ते अफगाण वंशाचे, उत्तरेकडून आलेले. अरब सहसा एका जमादाराच्या निशाणाखालीं बांधलेला असे, रोहिला बहुधा सुटा असे. तो आज एखाद्या देशमुखाच्या पदरीं, उद्यां इजारदाराच्या, आणि परवां कोणाच्याच नाहीं, अशी त्याची भ्रमंती चाले; आणि ज्या दिवशीं तो कोणाच्याच पदरीं नसे, त्या दिवशीं रस्ता त्याचा असे. व्याजबट्ट्याचा धंदाही त्यानें केला, आणि त्याची वसुली अरबापेक्षांही उग्र असे.

अशा स्थितींत १८५३ साल उजाडलें, आणि नाटकांत एका नव्या पात्रानें प्रवेश केला. निजामाच्या खर्चानें पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमांत असलेली 'हैदराबाद कंटिंजंट' नांवाची फौज होती. निजामाकडून तिचा पगार तुंबला म्हणजे कंपनी सरकार आपल्या खजिन्यांतून तो भरी आणि निजामाच्या नांवें लिहून ठेवी. ही रक्कम पन्नास लाखांच्या घरांत गेली. तेव्हां डलहौसीनें रेसिडेंट कर्नल लो याच्याकरवीं २१ मे १८५३ रोजीं तह करून वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवाकडील प्रांत आपल्या ताब्यांत घेतला. अरब जमादार एका तालुक्यावर तनखा घेई. कंपनीनें प्रांतांवर घेतला. तत्त्व तेंच : पगाराची बाकी द्या, नाहीं तर मुलूख सोडा. फरक एवढाच कीं, कंपनीच्या जमादाराजवळ तहाचा मसुदा लिहिणारे हुशार कारकून होते. बेंबळीच्या रयतेला मात्र असें दिसलें असेल कीं, मागणारे बदलले आणि आंकडा राहिला.

पण तेवढेंच म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. नळदुर्ग जिल्ह्यावर नेमलेला अधिकारी सामान्य नव्हता. फिलिप मेडोज टेलर हा १८२४ सालीं पंधरा वर्षांचा असतां मुंबईस एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला आला. येऊन पाहतो तों त्या व्यापाऱ्याचें दिवाळें वाजलेलें. मग तो निजामाच्या फौजेंत शिरला आणि आयुष्यभर त्याच चाकरींत राहिला. पामर कंपनीच्या विल्यम पामरची मुलगी त्याची बायको. म्हणजे ज्या सावकारीनें हें राज्य कर्जांत बुडालें, तिचा जांवई कर्जापायीं गेलेल्या जिल्ह्याचा कारभारी झाला. असा योगायोग नाटकांत घातला तर टीकाकार हंसतील. १८५३ पासून १८५७ पर्यंत टेलर या जिल्ह्यांत होता. त्यानें जमिनीची पाहणी केली, साऱ्याची आकारणी बसविली, रस्ते केले. ठरलेला सारा ठरलेल्या वेळीं घ्यावयाचा आणि त्याची पावती द्यावयाची, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. पण मोहसलाच्या पायांखालची ओसरी काढून घेणारी शक्ति तींत होती.

हाच टेलर १८३९ सालीं 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीनें विलायतेंत प्रसिद्ध झालेला होता. ती मुळांतच सुडाची कथा आहे. अमीर अली हा लहान मूल असतां ठग त्याच्या आईबापांना मारतात. मारणाऱ्या टोळीचा नायक इस्माइल त्यालाच मुलगा म्हणून वाढवितो. मुलगा बापाहून मोठा ठग निघतो, नकळत स्वतःच्या बहिणीचा गळा आंवळतो, आणि खरा प्रकार कळल्यावर आईचा खुनी जो गणेशा त्याला फांसावर चढवूनच शांत होतो. टेलरला हा विषय ऐकीव मिळाला नव्हता. तरुणपणीं याच पश्चिम भागांत पोलिसी कामावर असतां त्याच्या हाताला ठगांचा धागा लागला होता. तो पुरता उकलण्यापूर्वींच त्याला पलटणींत परत बोलावलें गेलें. पुढें १८६३ सालीं त्यानें तुळजापूरच्या परिसरावर 'तारा' ही कादंबरी लिहिली. ठग लिहिले, भवानीचें क्षेत्र लिहिलें. पण ज्या अरब-रोहिल्यांच्या वसुलीची खूण जिल्ह्यांत जिकडेतिकडे होती, त्यांच्यावर त्यानें तशी कादंबरी केली नाहीं. ठगाच्या गुन्ह्यांत रुमाल आहे, शकुन आहेत, देवीचा कौल आहे. तनख्याच्या गुन्ह्यांत आहे काय, तर एक कागद, एक आंकडा आणि दारांत बसलेला कंटाळलेला माणूस. वाचकाला पहिला गुन्हा अधिक आवडतो.

दुसरें मोठें पात्र याच आठवड्यांत रंगभूमीवर आलें. तहाला पांच दिवस होतात न होतात तोंच दिवाण सिराज-उल-मुल्क वारला आणि ३१ मे १८५३ रोजीं त्याचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. वय अवघें चोवीस. राज्याचे उत्तम प्रांत गेलेले, उरलेल्यांपैकीं कित्येक तालुके अरब जमादारांकडे गहाण, खजिन्यांत खडखडाट, आणि राजधानींत असे जमादार कीं ज्यांच्या वाड्यांत खाजगी तुरुंग होते. ऋणकोला ते स्वतःच पकडीत आणि स्वतःच कोंडीत. अशा माणसांवर फौज पाठवावी तर फौज म्हणजे तेच. सालारजंगानें तलवार काढली नाहीं. त्यानें वह्या काढल्या. प्रत्येक जमादाराचें येणें किती, त्यानें आजवर वसूल केलें किती, व्याज किती धरलें, हें एकेकाशीं बसून ठरविलें. राहील ती रक्कम फेडण्याची व्यवस्था केली आणि एकेक तालुका सोडवून घेतला. अरबांवरील दाव्यांसाठीं वेगळें न्यायासन नेमलें, आणि त्याच्या निकालांना वजन यावें म्हणून खुद्द प्रमुख जमादारांनाच त्या व्यवस्थेंत गुंतवून घेतलें. १८६५ च्या जिल्हाबंदीनें इजाऱ्याचा उरलासुरला पाया काढला. बदला घेण्यास त्याला कारणें थोडीं नव्हतीं; त्यानें हिशेब घेतला.

त्याची परीक्षा मध्यंतरीं १८५७ सालीं झाली. १७ जुलैला तुर्रेबाजखान या रोहिला जमादारानें आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनीं जमाव घेऊन इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला. चिद्दाखान नांवाच्या, पलटणींतून निसटून आलेल्या जमादाराला पकडून रेसिडेन्सींत ठेवलें होतें, त्याची सुटका हें तात्काळिक कारण. हल्ला मोडला. तुर्रेबाजखान पकडला गेला, १८५९ च्या जानेवारींत तुरुंगांतून निसटला, आणि तुपराणजवळ मारला गेला; मौलवींना अंदमानास धाडलें, तेथेंच त्यांचा अंत झाला. सरकारी कागदांत तुर्रेबाजखान दंगेखोर रोहिला आहे, लोकांच्या आठवणींत तो हुतात्मा आहे, आणि हैदराबादेंत त्याच्या नांवाचा रस्ताही आहे. त्या दिवशीं अरब मात्र सालारजंगाच्या बाजूनें उभे राहिले. चार वर्षांपूर्वीं ज्यांच्याशीं वहीवर भांडण चाललें होतें, त्यांनींच शहराचा बंदोबस्त राखला. पुढें उरलेल्या रोहिल्यांच्या टोळ्या मराठवाड्यांत आणि वऱ्हाडच्या कडेनें लूट करीत हिंडल्या. १५ जानेवारी १८५९ रोजीं चिचांबा गांवीं कॅप्टन क्लॉगस्टन अवघ्या आठ स्वारांसह त्यांच्यावर तुटून पडला. आठांपैकीं सात स्वार पडले. क्लॉगस्टनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सात दख्खनी स्वारांचीं नांवें त्या गौरवपत्रांत नाहींत.

आतां सूड. तो येथें दख्खनेंत न घेतां हजारों मैलांवर घेतला गेला, हीच या कथेची खरी नवलाई. हैदराबादच्या अरब जमादारांत तीन घराणीं बलाढ्य होतीं : उमर बिन अवद हा कुऐती, अब्दुल्ला बिन अली हा औलकी, आणि गालिब बिन मोहसिन हा कथीरी. कुऐती मूळचे याफईंच्या टोळींतले. कथीरींचें हद्रामौतांत जुनें राज्य होऊन गेलेलें. मायदेशीं त्यांच्या टोळ्यांचें वैर पिढ्यान्‌पिढ्यांचें. हैदराबादेंत एकाच दरबारांत, एकाच दिवाणापुढें, हे लोक शेजारीं शेजारीं बसत, आणि निजामी मुलखांतून मिळालेला पैसा जहाजानें मायदेशीं पाठवून तेथें एकमेकांचे गड पाडीत. औलकीनें किनाऱ्यालगत गैल बावझीर गांवाजवळ किल्ला बांधला. कथीरींनीं १८६६ सालीं शिहर बंदर घेतलें. दुसऱ्याच वर्षीं कुऐतींनीं तें त्यांच्यापासून हिसकावलें. उमर बिन अवद १८६५ सालींच वारला होता. त्याच्या मुलांनीं वैरही चालविलें आणि हैदराबादेंतली जमादारीही. त्याचा मुलगा अवद हा निजामाच्या दरबारांत नवाजजंग म्हणून मानकरी, आणि शिहरमध्यें राज्यकर्ता. एकाच माणसाच्या दोन पगड्या.

या समुद्रापारच्या युद्धानें सालारजंग आणि इंग्रज दोघेही हैराण झाले. एडनचा रेसिडेंट मुंबईला लिहीत असे, मुंबई कलकत्त्याला, आणि कलकत्ता हैदराबादेला : आपल्या जमादारांना आवरावें. जमादार दरबारांत मान लववीत आणि पुढच्या जहाजानें पैसे पाठवीत. १८८१ सालीं इंग्रजांच्या मदतीनें मुकल्ला बंदरही कुऐतींच्या हातीं आलें. तें ज्याच्याकडून गेलें त्या सरदाराशीं वाद कशाचा होता? पुन्हां पैशाचा : घेतलेलें कर्ज आणि त्यापायीं विकलेली अर्धी बंदरपट्टी. दख्खनेंत शिकलेली तनख्याची विद्या अरबस्तानांतही कामीं आली. १८८८ सालीं कुऐतींनीं इंग्रजांचें संरक्षण पत्करलें, आणि हद्रामौताचा मोठा भाग हैदराबादेंत वाढलेल्या घराण्याच्या सत्तेखालीं गेला. या घराण्याचे सुलतान पुढेंही हैदराबादेंत येऊन राहात. त्यांपैकीं कांहींचा जन्मच हैदराबादचा. ती सत्ता १९६७ सालीं संपली.

एखाद्या नाटककारानें हा विषय हातीं घेतला, तर परका कोण, हें ठरवितांना त्याची लेखणी अडखळेल. दख्खनी आईच्या पोटीं जन्मलेल्या अरबाला त्यांच्यांत 'मुवल्लद' म्हणत. असा मुलगा बोलीनें दख्खनी, आजोळ मराठवाड्यांतलें, आणि वैर मात्र त्यानें कधीं न पाहिलेल्या खोऱ्यांतलें, बापाकडून आलेलें. तो हैदराबादच्या बाजारांत कथीरी दिसला म्हणून हात कमरेकडे नेई, आणि त्याच संध्याकाळीं त्याच कथीरीबरोबर एका सावकाराच्या दारांत पहाऱ्याला बसे. न्यूयॉर्कच्या त्या चित्रपटांत बापाचा खुनी मुलाच्या समोर उभा असतो, म्हणून शेवटचा प्रवेश सोपा होतो. येथें ज्याला ठार मारावयाचें तो समुद्रापलीकडे, ज्याच्या पैशानें मारावयाचें तो बेंबळीच्या रानांत ज्वारी राखीत बसलेला, आणि ज्याच्यामुळें हें सर्व जुळून आलें तो दिवाणखान्यांत बसून शेर रचणारा.

नळदुर्ग आणि रायचूर हे प्रांत १८६० च्या तहानें निजामाकडे परत आले आणि पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड गेलें तें गेलेंच. परत आलेल्या जिल्ह्यांत टेलरच्या आकारणीच्या वह्या होत्या, आणि सालारजंगानें त्या फेंकून दिल्या नाहींत. जमादारांचे वाडे हळूहळू रिकामे झाले. निजामाच्या अरब पलटणीचीं कुटुंबें हैदराबादच्या बाहेर ज्या बराकींत राहात, त्या वस्तीला लोक आजही बारकस म्हणतात. तेथें सकाळीं हरीस विकत मिळतो. मराठवाड्याच्या गांवोगांव पांगलेल्या घराण्यांना 'चाऊस' हें नांव राहिलें. तो मूळ तुर्की शब्द, लहानशा फौजी हुद्याचा. शाळेच्या हजेरीपटावर, दुकानाच्या पाटीवर तो आतां साधें आडनांव म्हणून लिहिला जातो, आणि लिहिणारा तो देवनागरींतच लिहितो.